फ्लेमिंगो बघायला जाताय? मग पंख उघडेपर्यंत थांबायची तयारी ठेवा

थंडी सुरू झाली की दरवर्षी तेच होतं, लोक मुंबईत शिवडीला नाहीतर पुण्याजवळ भिगवणला जातात, लांबवर पांढुरके ठिपके उभे दिसतात, मोबाईलवर झूम करून दोन फोटो काढतात आणि घरी येऊन सांगतात की फोटोत दाखवतात तसे काही गुलाबी नव्हते बुवा. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण पक्षी तोच होता, फक्त त्यांनी तो बंद असताना बघितला. फ्लेमिंगोचं जे काही लाल आहे ते बहुतेक पंखात आहे आणि उभा असताना तो पंख मिटून ठेवतो. नाव पण त्याला पंखावरूनच पडलंय. म्हणून तो पंख आपणहून उघडतो तेव्हा तुम्ही बरोबर जागी कसे असाल, ते सांगायला हे लिहितोय.

आधी नावाचं बघू, कारण नाव कळलं की काय शोधायचं ते कळतं. फ्लेमिंगो हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकात पोर्तुगीज-स्पॅनिश फ्लामेंगोवरून आला. बहुतेक शब्दकोश त्याच्याही मागे जाऊन दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्साल भाषेतल्या फ्लामेंक शब्दापर्यंत पोचतात, त्यात फ्लामा म्हणजे ज्वाळा आणि पुढचा प्रत्यय म्हणजे त्या जातीचा, त्यातला, असं काहीसं. स्पॅनिशमध्ये आजही फ्लामेंको म्हणजे हा पक्षी, तो नाच पण, आणि फ्लँडर्सचा माणूस पण, त्यामुळे तिकडे यावर बरीच गंमतशीर मतं आहेत. त्याच्याही कितीतरी आधी ग्रीक लोक याला फोइनिकोप्टेरोस म्हणायचे, म्हणजे किरमिजी पंखांचा. शास्त्रीय नाव फिनिकॉप्टेरस हे त्याचंच रूप. ग्रीक नावात पंख आहे, फ्रान्सकडच्या नावात आग आहे, आणि आपल्या मराठीत अग्निपंख म्हटलं की दोन्ही एकदम येतं. जुना शब्द रोहित, संस्कृतात रोहित म्हणजे लाल. कच्छमध्ये हंज म्हणतात, रणात जिथे हे हजारोंनी घरटी करतात त्या जागेला हंजबेट, गुजरातीत सुरखाब पण चालतं आणि त्यातही सुर्ख म्हणजे लालच.

आता मला यातलं सगळ्यात आवडतं ते सांगतो. प्रोव्हान्साल जिथे बोलतात तिथेच ऱ्होन नदीच्या मुखाशी कामार्गची दलदल आहे आणि तिथे आजही फ्लेमिंगो घरटी करतात. ग्रीस-रोमच्या लोकांनी बघितलेला फ्लेमिंगो आणि कामार्गचा फ्लेमिंगो हा मोठा रोहित, फिनिकॉप्टेरस रोजियस, आणि भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यात उभा असतो तोही मोठा रोहितच. म्हणजे ज्या जातीला बघून तिकडे कोणाला आग आठवली तीच जात पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर आहे. आणि गंमत म्हणजे उभा असताना हा मोठा रोहितच जास्त पांढरा दिसतो. त्यामुळे नाव देणाऱ्यांनी त्याला उडताना बघून नाव दिलं असणार असं माझं ठाम मत आहे.

जगात फ्लेमिंगोच्या सहा जाती आहेत, आपल्याकडे दोन. ओळखायला चोच बघायची, रंग बघत बसायचं नाही, रंग उजेडानं फसवतो. मोठ्या रोहितची चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं, हे लांबूनही स्पष्ट दिसतं. लहान रोहितची चोच गडद मरून, लांबून जवळजवळ काळीच वाटते. मोठ्याचा डोळा पिवळट, लहानाचा लालसर. उंचीत फरक भरपूर आहे, मोठा सव्वा-दीड मीटरपर्यंत जातो आणि लहान साधारण ऐंशी-नव्वद सेंटीमीटर, दोघं शेजारी असले की लगेच कळतं पण एकटा असला की उंचीवर विसंबू नका. राखाडी-तपकिरी मळकट दिसणारे असतात ती पिल्लं, म्हणजे आधीच्या एक-दोन हंगामातली. पिल्लू जन्मतःच गुलाबी नसतं, रंग खाण्यातून येतो, शेवाळ आणि छोट्या कोळंबीसारख्या जिवांमधल्या कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यामुळे, आणि पूर्ण रंग चढायला दोन-तीन वर्षं जातात.

ठाणे खाडीत बहुसंख्य लहान रोहित असतात आणि भिगवणला मोठे. दोन्ही बघायचे असतील तर दोन्हीकडे जावं लागेल. हंगाम मुंबईत साधारण नोव्हेंबर ते मे, पण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घाई करू नका, तेव्हा थवे जमत असतात, फेब्रुवारी ते एप्रिल बेस्ट. भिगवणला डिसेंबरपासून सुरू होतं आणि उजनीचं पाणी जसं उतरत जातं तशा उथळ कडा उघड्या पडतात, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये मजा येते. ज्या वर्षी पाणी उतरायला उशीर होतो त्या वर्षी पक्षी पण उशिरा, त्यामुळे निघण्याआधी तिथल्या नाववाल्याला फोन करून विचारलेलं चांगलं.

मुंबईच्या बाजूला मात्र सगळा खेळ भरती-ओहोटीचा आहे आणि इथेच लोकांचा दिवस वाया जातो. फ्लेमिंगो खातात चिखलावर. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो, मग ते खाडीभर पांगतात आणि काठापासून इतके लांब जातात की दुर्बिणीतून पण ठिपकेच. पूर्ण भरती असली की चिखल बुडतो आणि ते उठून दुसरीकडे जातात, मग काठावर उभं राहून नुसतं पाणी बघायचं. तुम्हाला हवी ती मधली वेळ, पाणी चढत असताना शेवटचे दोनेक तास, जेव्हा चढतं पाणी पक्ष्यांना ढकलत ढकलत काठाकडे आणतं, किंवा पाणी उतरायला लागल्यावरचे पहिले दोनेक तास, जेव्हा काठाजवळचाच चिखल आधी उघडतो.

वेळ काढायला मोबाईलवर भरतीचं टाईमटेबल मिळतं, मुंबई बंदराचं बघा. पण कोळी लोकांचा हिशोब त्याहून सोपा आहे आणि तो पाठ असला की कॅलेंडरवर नुसती तिथी बघून प्लॅन करता येतो. तिथीच्या आकड्याला पाऊणनं गुणायचं, जे येईल ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण बरोबर सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या पुढेमागे भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा धरायचे, सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या जवळ जाते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं आणि खाडीत जसं आत जाल तशी भरती थोडी उशिरा पोचते, शिवडीपेक्षा ऐरोलीला उशिरा, पण प्लॅनसाठी एवढं पुरतं. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी, आणि रोज वेळ पंचेचाळीस-पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून मागच्या रविवारी मित्राला आठ वाजता छान दिसले म्हणून तुम्ही या रविवारी आठला गेलात तर काहीच दिसणार नाही.

आणि नुसती वेळ नाही, भरती केवढी आहे ते पण बघायचं. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी चार मीटरच्या वर जातं, सगळा चिखल बुडतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी फार चढत नाही आणि काही भाग उघडाच राहतो. पंख बघायचे असतील तर उधाणाचे दिवस धरा, याचं कारण असं की उधाणाला सगळ्या थव्याला खाडी सोडून उठावंच लागतं. भरती भरत आली की, म्हणजे पूर्ण भरतीच्या आधी तास-दीड तास, ते गटागटानं उठतात आणि नवी मुंबईच्या पाणथळ जागांवर येऊन बसतात, नेरुळ-सीवूड्सकडे, टीएस चाणक्य या जहाजावरच्या प्रशिक्षणाच्या संस्थेच्या मागची पाणथळ, एनआरआय वसाहतीजवळची, डीपीएस शाळेजवळचा तलाव. कांदळवनावरून खाली उतरताना मान पुढे ताणलेली, पाय मागे ताणलेले आणि मधे ते उघडे पंख, लाल आणि कडेला काळे. कोणी हुसकावलेलं नाही, बोट मागे लागलेली नाही, पाणी चढलं म्हणून ते उठले. हे दृश्य बघायला पैसे पण लागत नाहीत.

तर एक पक्का प्लॅन सांगतो. फेब्रुवारी किंवा मार्चमधली पौर्णिमा किंवा अमावस्या बघा, त्याच्या दोन दिवस अलीकडे-पलीकडे रविवार येत असेल तर तो धरा. सकाळी नऊच्या सुमारास सीवूड्सला पोचा, पाणथळीच्या काठाला जागा धरून गप्प बसा. साडेनऊ-दहापासून यायला लागतील, पौर्णिमा-अमावस्येच्या अलीकडचा दिवस असेल तर दिवसामागे पाऊण तास आधी धरा, पलीकडचा असेल तर तेवढंच उशिरा. मग भरतीचे दोन-तीन तास ते तिथेच एका पायावर झोप काढतात, तेव्हा चोच-बिच नीट बघून घ्या, आणि पाणी उतरायला लागलं की परत उठून खाडीकडे जातात, म्हणजे एकाच दिवसात दोनदा उडताना मिळतात.

उन्हाचा विचार बहुतेक जण करत नाहीत. ठाणे खाडीच्या पश्चिमेला मुंबई आणि पूर्वेला नवी मुंबई, त्यामुळे शिवडी किंवा भांडुपच्या काठावर सकाळी उभे राहिलात तर सूर्य बरोबर डोळ्यात, पक्षी नुसते काळे दिसतात, रंगाचा पत्ता नाही. मुंबईच्या काठावरून बघायचं असेल तर दुपारनंतर जा, ऊन पाठीमागून येतं. नवी मुंबईच्या काठावरून खाडीकडे बघायचं तर सकाळ. म्हणजे शिवडीसाठी अशी तिथी शोधायची की भरती दुपारी अडीच-चारच्या दरम्यान येईल, चतुर्थी-पंचमीच्या आसपास, मग साडेचारनंतर पाणी उतरताना उतरत्या उन्हात पक्षी काठाजवळ. शिवडी हार्बर लाईनवर आहे, स्टेशनच्या पूर्वेला उतरून जेट्टीकडे जायचं. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू याच चिखलावरून निघतो, त्यामुळे जुने फोटो बघून गेलात तर जागा बदललेली वाटेल.

ऐरोलीला किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून खाडीत बोट जाते. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य ऑगस्ट २०१५ मध्ये जाहीर झालं, साधारण १,६९० हेक्टर, आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसरचा, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतला, दर्जा मिळाला. बोटीला पाणी लागतं म्हणून ती भरतीच्या आसपासच सुटते, वेळ रोज बदलते, बुकिंग आधीच करा कारण शनिवार-रविवार लगेच भरतो. लहान मुलं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर हाच पर्याय चांगला, चालावं लागत नाही, आणि केंद्रात खाडीची माहिती पण छान मांडली आहे, बोटीच्या आधी ती बघून घ्या. भांडुप पंपिंग स्टेशनची बाजू पक्षी बघणाऱ्यांची जुनी आवडती, पण तिथे जायच्या आधी प्रवेशाचं विचारून घ्या.

भिगवणला भरती-ओहोटी नाही, तिथे सकाळ महत्त्वाची. पुण्याहून सोलापूर हायवेनं जायचं, पहाटे निघून उजाडताना कुंभारगाव किंवा डिकसळला पोचलात तर उत्तम, नाहीतर आदल्या रात्रीच जाऊन राहा, गावात घरगुती राहायची सोय होते आणि चिलापीचं कालवण आणि भाकरी मिळते. नाव चालवणारे सगळे इथलेच मच्छीमार, कुठल्या बाजूच्या पाण्यात आज किती पक्षी आहेत हे त्यांना काल संध्याकाळचंच माहीत असतं. नावेत बसायच्या आधीच स्पष्ट बोलून घ्या की दादा, आपल्याला पक्षी उडवायचे नाहीयेत, लांब असतानाच इंजिन बंद करा आणि वल्ह्यानं चला, जास्त वेळ लागला तरी चालेल आणि पैसे जास्त झाले तर देऊ. हे आधी सांगितलं नाही तर काय होतं, मागच्या गिऱ्हाईकाला उडतानाचा फोटो हवा होता म्हणून यालाही हवा असेल असं समजून ते थव्यात नाव घालतात, त्यांचा दोष नाही, लोकच तशी मागणी करतात.

यावर मला थोडं जास्त बोलायचंय. आत्तापर्यंत पंख, पंख केलं म्हणजे काहीही करून उडवा असा अर्थ घेऊ नका. फ्लेमिंगोचं खाणं म्हणजे चोच उलटी पाण्यात धरून जिभेनं पाणी आत ओढायचं आणि चोचीच्या कडेच्या जाळीतून गाळून बाहेर टाकायचं, दिवसातले तासन् तास हे चालतं तेव्हा कुठे पोट भरतं, लहान रोहित तर जवळजवळ सूक्ष्म शेवाळावरच जगतो. प्रत्येक वेळी उठवलं की तेवढं खाणं गेलं आणि एवढं जड शरीर पाण्यावरून पळत पळत उचलायची ताकद गेली. हंगामाच्या शेवटी याच अंगातल्या जोरावर त्यांना कच्छपर्यंत जायचं असतं. २०२२ मध्ये बीएनएचएसनं, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं, ठाणे खाडीतल्या काही फ्लेमिंगोंना जीपीएस टॅग लावले, त्यातून त्यांचं गुजरातकडे जाणं-येणं नकाशावर दिसलं.

पक्षी त्रासलाय हे आधीच कळतं, फक्त बघायला हवं. खाली घातलेल्या माना एकदम वर येतात, खाणं थांबतं, मग सगळे एकाच दिशेला चालायला लागतात आणि बदकासारखा कलकलाट वाढतो. माना वर आल्या की तिथेच थांबायचं. चालायला लागले की मागे यायचं. थोडा वेळ गप्प राहिलात तर माना परत खाली जातात आणि मग बऱ्याचदा तेच तुमच्या जवळ सरकत येतात. ड्रोन तर आणूच नका, अभयारण्यात परवानगीशिवाय चालत नाही आणि बाहेरही पक्षी त्याला शिकारी पक्षी समजून उठतात.

न उडता पंख बघायचा अजून एक मार्ग आहे आणि तो फार थोडे लोक बघतात. विणीच्या आधी थवा नाचायला लागतो. शेकडो पक्षी दाटीनं एकत्र येऊन ताठ मानेनं चालतात, झपकन सगळे वळतात, डोकं डावीकडे-उजवीकडे झटकतात आणि मधेच एखादा मान उंच करून दोन्ही पंख फाडकन उघडून दोन-चार सेकंद तसाच धरतो. सलामी दिल्यासारखं. एकानं केलं की शेजारचा करतो आणि ते थव्यातून पसरत जातं. घरटी इथे करत नाहीत, पण नाच फेब्रुवारीनंतर आपल्याकडेही दिसतो. यासाठी एकाच दाट घोळक्यावर दुर्बीण लावून वीस-पंचवीस मिनिटं बसायची तयारी हवी. आणखी एक, स्पेनमधल्या मोठ्या रोहितवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं की विणीच्या आधी हे पक्षी शेपटीजवळच्या ग्रंथीतलं रंगीत तेल गालानं मानेच्या पिसांना चोळतात, म्हणजे रंग अजून गडद दिसावा म्हणून मेकअपच. त्यामुळे उन्हाळ्याकडे झुकताना पक्षी जास्त गुलाबी वाटला तर तो तुमचा भास नाही.

मुलं बरोबर असतील तर दोन प्रश्न हमखास येतात. गुडघा उलटा का वाकतो, तर तो गुडघा नाहीच, घोटा आहे, गुडघा वर पिसांत लपलेला असतो. आणि एका पायावर का उभा, तर एका पायावर त्याचा सांधा असा बसतो की स्नायूंना फार जोर लावावाच लागत नाही, दोन पायांपेक्षा त्याला एकावर सोपं जातं.

सामानात दुर्बीण पाहिजेच, ८ बाय ४२ किंवा १० बाय ४२, नसेल तर कोणाची तरी मागून न्या पण मोबाईलवर विसंबून जाऊ नका. कॅमेऱ्याला शिवडी-सीवूड्सला चारशेची लेन्स असली तर बरं, भिगवणला त्याहून कमीत भागतं. उडतानाचा फोटो घ्यायचा तर शटर हजार-दीड हजारच्या वर ठेवा आणि थवा उठायची वाट न बघता आधीच सेटिंग करून ठेवा. कपडे मातकट रंगाचे, टोपी, पाणी, संध्याकाळी खाडीच्या काठाला मच्छर भयंकर असतात त्याचं मलम. चिखलात पाय घालायचा नाही, वरून घट्ट दिसतो आणि आत मांडीपर्यंत जातो, जेट्टीच्या पायऱ्या पण शेवाळानं निसरड्या असतात.

जमलं तर मोजा पण. आधी दहा पक्षी मोजून त्यांनी केवढी जागा व्यापली ते डोळ्यात बसवायचं, मग तसे दहा तुकडे म्हणजे शंभर, मग शंभरच्या तुकड्यांनी थवा मोजत जायचं. पहिल्यांदा चुकतं, सवयीनं बरोबर यायला लागतं. तारीख, वेळ, भरतीची स्थिती लिहून ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाईटवर टाका. बीएनएचएसच्या मोजणीत ठाणे खाडीत एक लाखाच्या वर फ्लेमिंगो नोंदले गेलेत, पण रोजच्या नोंदी आपल्यासारख्यांनीच करायच्या असतात. पायात कडं किंवा पाठीवर टॅग दिसला तर त्याचा रंग, अक्षरं, कुठल्या पायात आहे हे फोटोसकट बीएनएचएसला कळवा.

आणि कुठल्या तलावात पाणी एकदम आटलेलं दिसलं, भरतीचं पाणी आत यायची वाट बुजलेली दिसली तर तेही फोटो काढून वन विभागाला आणि महापालिकेला कळवा, नेरुळला २०२४ मध्ये अशाच कारणानं पक्षी अडचणीत आले होते आणि लोकांनी आवाज केला म्हणून लक्ष गेलं. जखमी पक्षी दिसला तर स्वतः पकडायला जाऊ नका, लांब पाय फार नाजूक असतात आणि धडपडीत मोडतात. कुत्री-कावळे लांब ठेवा, जागेचं लोकेशन पाठवायला तयार ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाईनला फोन लावा.